संगणकाच्या साहाय्यानें चालणारा व्यापार : त्यासाठीं लागणारें शिक्षण व अनुभव

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडल्यावर आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. ते वाळवा तालुक्यांतील कष्टाळू शेतकरी. ऊस व हळद हीं त्यांचीं पिकें. त्या वर्षीं हळदीस बरा भाव मिळाल्यामुळें चार पैसे हातीं शिल्लक राहिले होते, आणि त्यांचें काय करावें ह्याविषयीं घरांत खल चालला होता. मुलगा नुकताच बारावी उत्तीर्ण झालेला. त्यानें मोबाइलवर एका वर्गाची जाहिरात पाहिली होती : तीन महिन्यांत ‘अल्गो ट्रेडर’ व्हा आणि घरबसल्या यंत्राकडून पैसा मिळवा! वर्गाची फी भरावी व उरलेली रक्कम व्यापारासाठीं आपल्या हातीं द्यावी, असा मुलाचा आग्रह होता. वडील म्हणाले, “गुरुजी, यंत्र झोपत नाही, ते सारखं कमावतं, असं पोरगं म्हणतंय. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही गणित शिकवता. खरं काय ते सांगा.”

मीं त्यांस आठ दिवसांनीं येण्यास सांगितलें. मला ह्या विषयाचें जें ज्ञान होतें तें त्यांच्या प्रश्नास पुरेसें नव्हतें, आणि शिक्षकानें न समजलेल्या गोष्टीवर मत देऊं नये हें आम्हांस आमच्या गुरुजनांनीं शिकविलें आहे. त्या आठ दिवसांत व पुढें वर्षभरांत जो अभ्यास केला त्याचें सार ह्या लेखांत मांडीत आहें. असाच प्रश्न आज सातारा व सांगली जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत विचारला जात असेल, म्हणून हा लेख विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्या पालकांसाठींही आहे.

प्रथम नांवाचा अर्थ पाहूं. ‘अल्गोरिदम’ हा शब्द ऐकून भिण्याचें कारण नाहीं. नवव्या शतकांत बगदाद येथें अल्-ख्वारिझ्मी नांवाचा गणिती होऊन गेला. हिंदुस्थानांतील अंकपद्धतीनें हिशेब कसे करावे हें त्यानें एका ग्रंथांत सांगितलें. पुढें युरोपांत त्याच्या नांवाचा अपभ्रंश होऊन हा शब्द बनला. त्याचा अर्थ एवढाच कीं, एखादें काम करण्याची पायरीपायरीनें सांगितलेली निश्चित रीत. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथांत त्रैराशिकाच्या व व्याजाच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्या ह्याच जातीच्या होत. आतां व्यापारांतील एक रीत घेऊं. “गेल्या पांच दिवसांच्या भावाची सरासरी गेल्या वीस दिवसांच्या सरासरीच्या वर गेली तर एक वायदा खरेदी कर, खालीं आली तर तो विक.” ही आज्ञा संगणकास समजेल अशा भाषेंत लिहून दिली, म्हणजे तो बाजाराचे भाव स्वतः वाचतो, सरासरी काढतो आणि मनुष्याची वाट न पाहतां ऑर्डर पाठवितो. हाच संगणकी व्यापार. रीत सांगणारा मनुष्यच असतो. यंत्र केवळ ती बिनचूक व अतिशय जलद पाळतें. रीत चुकीची असेल तर तीही तें बिनचूक व जलद पाळतें, हें मात्र जाहिरातींत लिहिलेलें नसतें.

वायदा म्हणजे काय हें सांगलीकरांस परक्यानें शिकविण्याची गरज नाहीं. शेतकऱ्याची हळद माघ-फाल्गुनांत निघावयाची असते, परंतु भाव पडेल ही चिंता त्यास मार्गशीर्षापासून लागलेली असते. मसाला तयार करणाऱ्या कारखानदारास उलट भाव चढेल ही चिंता असते. दोघांनीं आजच पुढील महिन्याचा भाव ठरविला तर दोघांचीही चिंता मिटते. हा पुढील तारखेचा करार म्हणजे वायदा. हळदीच्या व्यापारासाठीं सांगलीचें नांव देशभर झालेलें आहे. २०१८ सालीं ‘सांगलीची हळद’ ह्या नांवास भौगोलिक मानांकनही मिळालें. येथील स्पायसेस अँड ऑईलसीड्स एक्स्चेंज ही संस्था सरकारमान्य प्रादेशिक वायदे बाजारांपैकीं एक होती व तेथें हळदीचे वायदे होत. अशा बाजारांसाठीं १९५२ सालीं कायदा झाला व १९५३ सालीं वायदे बाजार आयोग नेमला गेला. २००३ सालीं एनसीडीईएक्स हा राष्ट्रीय पातळीवरील बाजार सुरू झाला व पुढील वर्षापासून हळदीचे वायदे तेथें संगणकावर होऊं लागले. २०१५ सालीं वायदे बाजार आयोग ‘सेबी’ ह्या संस्थेंत विलीन करण्यांत आला, आणि तेव्हांपासून शेअर व शेतमालाचे वायदे ह्या दोहोंवर एकाच संस्थेची देखरेख आहे.

शेअर बाजाराची हकीकतही अशीच आहे. मुंबईच्या शेअर दलालांची संघटना १८७५ सालीं स्थापन झाली. त्यापूर्वी दहाच वर्षें, अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसास आलेल्या तेजीच्या जोरावर, मुंबईंत शेअरांचें वेड शिगेस पोंचलें होतें. १८६५ सालीं युद्ध संपतांच तें सारें कोसळलें व अनेक धनिक घराणीं धुळीस मिळालीं. पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ दलाल एकत्र जमून आरडाओरड करून सौदे करीत. १९९४ सालीं राष्ट्रीय शेअर बाजारानें आपले व्यवहार सुरू केले. त्याचे पहिले व्यवस्थापकीय संचालक डॉ. आर. एच. पाटील ह्यांच्या कारकीर्दींत उपग्रहाच्या द्वारें गांवोगांवचे संगणक मुंबईस जोडले गेले, आणि सांगली-साताऱ्यांत बसलेल्या मनुष्याची ऑर्डर मुंबईच्या मनुष्याच्या ऑर्डरीशेजारीं समान हक्कानें उभी राहूं लागली. २००८ सालीं सेबीनें मोठ्या संस्थांस आपल्या ऑर्डरी थेट बाजाराच्या यंत्रणेंत पाठविण्याची मुभा दिली. त्यानंतर बाजाराच्या संगणकाजवळच आपले संगणक ठेवण्याची सोय झाली. आज ह्या यंत्रांचा वेग सेकंदाच्या लक्षांशांत मोजतात. आपल्या डोळ्याची पापणी एकदां लवते तेवढ्या वेळांत तेथें हजारों ऑर्डरी येऊन जातात.

तर मग असा व्यापारी होण्यास काय शिकावें लागतें? ह्याचें उत्तर शोधतांना मला हळदीच्या अडत पेढीची आठवण झाली. जुन्या पेढींत उमेदवारीस आलेला मुलगा पहिल्या दिवशीं लिलावांत बोली बोलत नसे. तो आधीं झाडलोट करी, पोतीं मोजी, मग तोलाचे आंकडे टिपी, मग रोजमेळ व खातेवही लिही. हळकुंड मोडून आंतला रंग कसा पाहावा, तें किती कठीण आहे हें मोडतांना येणाऱ्या आवाजावरून कसें ओळखावें, गड्डा व हळकुंड ह्यांच्या भावांत अंतर कां असतें, हें तो वर्षानुवर्षें शेजारीं उभा राहून शिके. इतकें झाल्यावर एखाद्या दिवशीं शेठजी त्यास लहानशा लाटेवर बोली बोलूं देत. आणि चुकला तर नुकसान किती झालें तें त्याच्याच हातानें वहींत लिहावयास लावीत. संगणकी व्यापाराचें शिक्षणही ह्याहून निराळें नाहीं. त्याचे चार भाग पडतात.

पहिला भाग गणिताचा. त्यांत शाळेंतील अंकगणित व बीजगणित हा पाया. त्यावर संभाव्यताशास्त्र, संख्याशास्त्र, कलनशास्त्र व सारणींचें गणित ह्यांचे मजले. संभाव्यतेचें ज्ञान कां हवें हें एका उदाहरणानें सांगतों. समजा, एका मोठ्या शाळेंत १,०२४ मुलें आहेत. उद्यां हळदीचा भाव चढेल कीं उतरेल हें प्रत्येकानें नाणें उडवून सांगावयाचें. पहिल्या दिवशीं सुमारें निम्म्यांचें, म्हणजे ५१२ मुलांचें भाकीत खरें ठरेल. त्यांपैकीं दुसऱ्या दिवशीं २५६, तिसऱ्या दिवशीं १२८, असें होत होत दहाव्या दिवशीं सरासरीनें एक मुलगा असा उरेल कीं, ज्याचीं दहाही भाकितें खरीं झालीं. त्यास बाजाराचें ज्ञान तिळमात्र नाहीं. पण लोक त्यास बाजाराचा जाणता म्हणतील, आणि त्यानें वर्ग काढला तर फी भरण्यास रांग लागेल. उरलेल्या १,०२३ मुलांची जाहिरात मात्र कोणी करणार नाहीं.

संगणकाच्या रीतींचेंही असेंच आहे. मागील दहा वर्षांच्या भावांवर हजार निरनिराळ्या रीती लावून पाहिल्या, तर त्यांपैकीं एखादी केवळ योगायोगानें उत्कृष्ट दिसेलच. म्हणून शहाणा अभ्यासक जुन्या भावांचा कांहीं भाग आधींच बाजूस काढून ठेवतो, त्याकडे पाहतही नाहीं, आणि रीत पक्की ठरल्यावर ती त्या भागावर एकदांच तपासतो. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचीं उत्तरें पाठ केलेला विद्यार्थी त्या प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण मिळवितो. त्यास विषय समजला आहे कीं नाहीं हें न पाहिलेल्या प्रश्नपत्रिकेवरच कळतें.

गणितांतच खर्चाचाही विचार येतो. समजा, एका रीतीनें शंभर सौद्यांत ५५ वेळां शंभर रुपये नफा होतो व ४५ वेळां शंभर रुपये तोटा. म्हणजे ५,५०० वजा ४,५००. नफा १,००० रुपये, सौद्यामागें १० रुपये. रीत खरोखरच चांगली आहे. परंतु दलाली, कर आणि खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर मिळून प्रत्येक सौद्यास १२ रुपये खर्च येत असेल, तर शंभर सौद्यांचा खर्च १,२०० रुपये होतो व अखेर २०० रुपयांचा तोटा हातीं येतो. जाहिरातींत पहिला आंकडा असतो; खातेवहींत दुसरा.

दुसरा भाग संगणकाचा. अभ्यासासाठीं बहुधा ‘पायथॉन’ ही भाषा वापरतात. जेथें वेग महत्त्वाचा तेथें ‘सी-प्लस-प्लस’ वापरतात. शिवाय माहितीचे कोठार कसे ठेवावे, संगणकांचें जाळें कसें चालतें, मध्येंच वीज किंवा इंटरनेट बंद पडलें तर अर्धवट राहिलेल्या सौद्याचें काय करावें, हें सारें शिकावें लागतें. येथें निष्काळजीपणाची शिक्षा किती कठोर असते पाहा. २०१२ सालीं अमेरिकेंत नाइट कॅपिटल नांवाच्या मोठ्या पेढीनें आपल्या आठ संगणकांवर नवी आज्ञावली बसविण्याचें ठरविलें. ती सातांवर बसविली गेली व आठव्यावर जुनीच राहिली. १ ऑगस्ट रोजीं बाजार उघडतांच त्या एका यंत्रानें भलत्याच ऑर्डरींचा पाऊस पाडला. सुमारें पाऊण तासांत पेढीचें ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झालें आणि तिचें स्वतंत्र अस्तित्व थोड्याच काळांत संपलें. यंत्र झोपत नाहीं हें खरें. पण चूक करतांनाही तें झोपत नाहीं. म्हणून प्रत्येक रीतीस मर्यादा घालून द्यावी लागते : दिवसाचा तोटा इतका झाला कीं सर्व काम थांबवावें, आणि मनुष्यानें येऊन पाहावें.

तिसरा भाग बाजाराच्या ज्ञानाचा. येथें उसनवारीचें बळ व धोका हीं दोन्ही समजलीं पाहिजेत. समजा, वायद्याचा माल ५० क्विंटल व भाव क्विंटलास १४,००० रुपये. म्हणजे मालाची किंमत सात लाख रुपये. सौदा करणाऱ्यास सारे सात लाख द्यावे लागत नाहींत. अनामत म्हणून दहावा हिस्सा, ७० हजार, भरले कीं पुरे असें धरूं. आतां भाव शेंकडा चारच उतरला, तर क्विंटलामागें ५६० रुपये व ५० क्विंटलांस २८,००० रुपये तोटा झाला. भाव उतरला शेंकडा ४. पण भरलेल्या रकमेंतून गेले शेंकडा ४०! हळदीचा भाव तर ह्याहून कितीतरी अधिक हलतो. २०१० सालीं तो क्विंटलास १५ हजारांच्या पुढें गेला होता, आणि २०१२ च्या पूर्वार्धांत पांच हजारांच्याही खालीं आला. वाळवा-मिरजेकडील अनेक घरांस ती घसरण आजही आठवत असेल.

ह्याच भागांत आणखी एक धडा येतो, आणि तो आपल्याच मातींतला आहे. सांगलीजवळ हरिपूर येथें, कृष्णा व वारणा ह्यांच्या संगमाच्या परिसरांत, जमिनींत खोल पेवें खणून त्यांत हळद सांठवीत. तेथील मातीच्या गुणामुळें हळद वर्षानुवर्षें कीड न लागतां टिके. कित्येक पिढ्यांच्या अनुभवानें हें सिद्ध झालें होतें. परंतु २००५ सालच्या महापुराचें पाणी पेवांत शिरलें, हळद कुजली आणि बहुसंख्य पेवें निकामी झालीं. पेवें बांधणारे मूर्ख नव्हते. त्यांच्याजवळील माहिती खोटी नव्हती. पण त्या माहितींत असा पूर नव्हता. व्यापाराच्या रीतीही जुन्या माहितीवरच बांधलेल्या असतात. १९९८ सालीं अमेरिकेंतील एक प्रख्यात निधि बुडाला. त्याच्या भागीदारांत आदल्याच वर्षीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालेले दोन पंडित होते. रशियानें आपलें कर्ज फेडण्यास नकार दिला, आणि त्यांच्या गणितांत जें जवळजवळ अशक्य ठरलें होतें तें कांहीं आठवड्यांत घडलें. म्हणून जो आपल्या रीतीवर संशय घेण्यास शिकला नाहीं, तो कितीही विद्वान असला तरी ह्या धंद्यास अपात्र समजावा.

चौथा भाग अनुभवाचा, आणि तो पुस्तकांतून मिळत नाहीं. त्याच्या पायऱ्या साधारणपणें अशा आहेत. आधीं जुन्या भावांवर रीत तपासावयाची. नंतर कांहीं महिने प्रत्यक्ष पैसे न घालतां, केवळ वहींत सौदे लिहून, ती चालत्या बाजारावर पाहावयाची. नंतर अगदीं लहान रकमेवर, म्हणजे सारी बुडाली तरी घराच्या चुलीस झळ लागणार नाहीं एवढ्यावर, ती चालवावयाची. प्रत्येक सौदा कां केला, काय अपेक्षिलें व काय घडलें हें रोज लिहून ठेवावयाचें. आणि हें सर्व शक्यतों अनुभवी मनुष्याच्या हाताखालीं करावयाचें. मोठ्या पेढ्यांत हें काम एकटा मनुष्य करीत नाहीं : एक संशोधन करतो, दुसरा आज्ञावली लिहितो, तिसरा बाजारावर लक्ष ठेवतो, आणि चौथ्याचें काम एवढेंच कीं, तिघांस वेळेवर ‘पुरे’ म्हणावें. नव्या पदवीधरास तेथें वर्ष-दोन वर्षें प्रामुख्यानें दुसऱ्यांच्या रीती तपासण्याचें व चुका शोधण्याचें काम मिळतें. अडत पेढींत पोतीं मोजण्याचेंच हें नवें रूप होय.

ह्या धंद्यांत ज्यांचें नांव सर्वांत मोठें झालें ते अमेरिकन गणिती जेम्स सायमन्स. वयाच्या चाळिशीपर्यंत त्यांनीं गणिताचें अध्ययन-अध्यापन केलें. भूमितींतील त्यांच्या कार्याचा आजही पदार्थविज्ञानांत उपयोग होतो. १९७८ सालीं ते व्यापाराकडे वळले, आणि आपल्या पेढींत त्यांनीं गणिती, पदार्थवैज्ञानिक, खगोलशास्त्रज्ञ व भाषेचे अभ्यासक ह्यांना आणलें. त्यांस स्थिर यश मिळण्यासही पुढें दहा वर्षांहून अधिक काळ लागला. २०२४ सालीं ते वारले. जो धंदा अशा मनुष्यास समजण्यास दहा वर्षें लागलीं, तो बारावी झालेल्या मुलास तीन महिन्यांत कसा समजेल, ह्याचा विचार वाचकांनींच करावा.

आतां हें शिक्षण कोठें मिळतें? त्यासाठीं परदेशीं जाण्याची गरज नाहीं. सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून व वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे. कऱ्हाडास शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. गणित, संख्याशास्त्र, पदार्थविज्ञान किंवा संगणक ह्यांपैकीं एका विषयांत पक्की पदवी मिळवावी. अधिक पुढें जावयाचें असल्यास पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था, पवईची आय. आय. टी., किंवा महालनोबिस ह्यांनीं १९३१ सालीं कलकत्त्यास स्थापिलेली भारतीय सांख्यिकी संस्था आहे. बाजाराचे नियम शिकविण्यासाठीं सेबीनेंच २००६ सालीं ‘एन. आय. एस. एम.’ ही संस्था काढली; तिचें विद्यालय रायगड जिल्ह्यांत पाताळगंगा येथें असून तिच्या परीक्षा कोणासही देतां येतात. पदवीस तीन-चार वर्षें व उमेदवारीस निदान दोन-तीन वर्षें धरलीं, तर शाळा सुटल्यापासून पांच ते सात वर्षांचा हा रस्ता आहे. वैद्य किंवा वकील होण्यासही साधारण इतकाच काळ लागतो. शिवाय ह्या रस्त्याचा एक मोठा गुण असा कीं, मध्येंच मन बदललें तरी शिकलेलें गणित व संगणकशास्त्र दुसऱ्या शंभर कामांत उपयोगी पडतें. वर्गाला भरलेली फी व बाजारांत बुडालेली रक्कम मात्र कोठेंच उपयोगी पडत नाहीं.

पालकांनीं येथें सेबीचे आंकडे अवश्य वाचावे. सेबीनें २०२४ च्या सप्टेंबरांत जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांतील शेअर बाजाराच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांचा हिशेब आहे. एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा झाला, आणि सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. उलट, २०२३-२४ सालीं मोठ्या देशी पेढ्यांनीं व परकी संस्थांनीं जो नफा मिळविला, त्यांतील शेंकडा ९६-९७ भाग संगणकी रीतींनीं मिळालेला होता. ह्या दोन आंकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. जाहिरात करणारे दुसरा आंकडा दाखवितात व म्हणतात, “पाहा, यंत्रानें नफा होतो!” परंतु तो नफा शेंकडों गणिती, कोट्यवधींचीं यंत्रें व अनेक वर्षांचा अनुभव असलेल्या पेढ्यांचा आहे. तीन महिन्यांचा वर्ग करून आलेला मुलगा बाजारांत उतरतो तेव्हां तो त्या पेढ्यांच्या पंक्तीस बसत नाहीं. तो त्यांच्या समोर उभा राहतो.

सेबीनें २०२५ च्या फेब्रुवारींत सामान्य गुंतवणूकदारांच्या संगणकी व्यापाराविषयीं परिपत्रक काढलें. त्यांतील धोरण असें कीं, अशा रीती नोंदणीकृत दलालाच्या मार्फतच चालाव्या, बाजारानें त्यांस ओळखक्रमांक द्यावा, आणि जी रीत आंत काय आहे हें गिऱ्हाइकास दाखवीत नाहीं ती विकणाऱ्यानें संशोधन विश्लेषक म्हणून सेबीकडे नोंदणी करावी. तेव्हां पालकांनीं तीन प्रश्न विचारावे. सेबीचा नोंदणीक्रमांक कोणता? तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहावा. नफ्याची हमी देतां काय? ‘होय’ असें उत्तर आलें तर तेथूनच परत फिरावें. कारण बाजारांत हमी देण्याचा अधिकार कोणासही नाहीं. आणि, तुमचें उत्पन्न व्यापारांतून येतें कीं आमच्या फीमधून? ह्या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक संभाषण संपतें. विद्यार्थ्यांनींही लक्षांत ठेवावें कीं, अठरा वर्षें पूर्ण होईपर्यंत कायद्यानें वायद्याचा करार करतांच येत नाहीं. वडिलांच्या नांवावरील खात्यांत चोरून सौदे करणें हा घरच्यांशीं व कायद्याशीं दोहोंशींही अप्रामाणिकपणा आहे.

कोणी विचारील, हा धंदा मुळांतच जुगार नव्हे काय? मी तसें म्हणणार नाहीं. शेतकऱ्यास पुढील भाव आज ठरवावयाचा असतो तेव्हां समोर कोणीतरी जोखीम घेणारा लागतो. व्यापारी व त्याचें यंत्र ती जोखीम घेतात, आणि त्यामुळें खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर कमी राहतें. ही सेवा आहे. परंतु जो अभ्यासाशिवाय, उसन्या पैशानें, लवकर श्रीमंत होण्याच्या आशेनें त्यांत उतरतो, त्याच्यापुरता तो जुगारच ठरतो. लूककृत शुभवर्तमानांत प्रभु येशूनें बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला दिला आहे. तो आधीं बसून खर्चाचा हिशेब करीत नाहीं, पाया घालतो व पुढें बांधूं शकत नाहीं, आणि पाहणारे त्यास हसतात. ख्रिस्ती असो वा हिंदु, मुसलमान असो वा जैन, प्रत्येक घरांत हा दाखला उपयोगी आहे. आधीं बसून हिशेब करावा.

आठ दिवसांनीं ते गृहस्थ मुलास घेऊन पुन्हां आले. मीं मुलाकडूनच फळ्यावर १,०२४ मुलांचा हिशेब करविला. दहाव्या ओळीस ‘एक’ हा आंकडा लिहून तो बराच वेळ गप्प उभा राहिला, मग म्हणाला, “सर, जाहिरातींतले गृहस्थ हे असतील?” मीं म्हटलें, “असतील किंवा नसतीलही. पण ते ह्यांपैकीं नाहींत हें सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांची आहे, तुझ्या वडिलांच्या हळदीची नव्हे.” वडील फारसें बोलले नाहींत. पैसे पोस्टांत ठेवले गेले. मुलानें संख्याशास्त्र हा विषय घेऊन महाविद्यालयांत नांव घातलें. त्याची आवड मात्र मीं मोडली नाहीं, कारण ती खरी आहे. तो आपली रीत पायथॉनमध्यें लिहितो व सौदे केवळ वहींत टिपतो. गेल्या दिवाळीच्या सुटींत त्यानें ती वही मला दाखविली. चाळीस सौद्यांनंतर, खर्च वजा जातां, त्यास कागदावर तोटाच होता. वहीच्या खालीं त्यानें स्वतःच्या अक्षरांत तोट्याचीं तीन कारणें लिहिलीं होतीं. त्यांतील दोन माझ्याही लक्षांत आलीं नसतीं.

ती वही पाहून मला समाधान वाटलें. तोटा कागदावर होता, आणि शिकणें मात्र खरें होतें. आपल्या मुलामुलींपैकीं ज्यांस ह्या विद्येची ओढ आहे त्यांनीं ती अवश्य शिकावी. परंतु हळकुंड मोडून पाहिल्याशिवाय बोली बोलूं नये, एवढीच त्यांस प्रेमपूर्वक सूचना आहे.